धुराची सावली

एका जंगलात, बाळांनो, ऊन फार वाढलं होतं. वाढेल नाहीतर काय! सिंहमहाराजांच्या दरबाराचा मंडप दरवर्षी मोठा होत होता आणि मंडपासाठी झाडं तुटत होती.

नदीकाठी गोदाक्का नावाची कासवीण राहायची. गेल्या साली तिची सगळी अंडी वाळूत करपली होती. यंदा पुन्हा घातली होती आणि बिचारी दिवसभर त्यांच्यावर पाणी शिंपडत होती.

उन्हावर उपाय शोधायला दरबार भरला. रिवाजाप्रमाणे सर्वांनी आपापल्या शेपटीवर पंजा ठेवून शपथ घेतली, "विकासात एकही जीव मागे राहणार नाही!" बेडकांना शेपटी नव्हती, त्यांनी शेजाऱ्याची धरली.

"महाराज, झाडं तोडणं थांबवलं तर?" गोदाक्काने भीत भीत विचारलं.

"अक्का, विषयाला धरून बोला," महाराज म्हणाले.

मग करकोचेराव उठले. ते दरवर्षी परदेशी जाऊन येत, म्हणून विद्वान होते. "तिकडे एक डोंगर फुटला. आभाळभर धूर झाला आणि गारवा पडला. आपणही टेकडीवर ओला पाला जाळू. सूर्यच झाकून टाकू!"

"पाला कुठला?" महाराजांनी विचारलं.

"झाडं आहेत की!"

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! पण टाळ्या अशा पडल्या की विचारू नका.

धूर झाला. मंडप गार झाला. प्रजा खोकत खोकत महाराजांचा जयजयकार करू लागली. नदीकाठची वाळू मात्र थंडगार पडली. अंड्यांना जाळ सोसत नाही, पण ऊब तर लागतेच ना! गोदाक्काने दिवसचे दिवस वाट पाहिली. शेवटी ती जमेल तितकी धावत दरबारात आली.

"धूर थांबवा हो! माझी अंडी गारठली!"

"आता कसा थांबवणार?" करकोचेराव म्हणाले. "झाडं आणखी कमी झालीत, धूर हटला तर पहिल्यापेक्षा जास्त भाजून निघू. उरलेली झाडं जाळायलाच तर राखलीत."

"आणि ती शपथ? एकही जीव मागे राहणार नाही म्हणालात ना?"

"पिल्लं किती निघाली?"

"एकसुद्धा नाही." गोदाक्काला रडू फुटलं.

"मग मागे राहिलं कोण?"

वा, वा! सगळ्या दरबाराने शेपटीवर पंजा ठेवून माना डोलावल्या. गोदाक्कालाही इवलीशी शेपटी होती. तिने ती कवचात ओढून घेतली.

तात्पर्य : सावली हवी असेल तर झाड लावत बसू नये, त्याला फार वेळ लागतो. असलेलं जाळावं, सावली लगेच पडते. आणि बाळांनो, विकासात मागे राहायचं नसेल, तर मुळात जन्मालाच येऊ नये.