एकेचाळीस शब्द आणि एक टँकर

पुढच्या महिन्यात घरात रेडिओ येणार, असं नागप्पाने जेवताना जाहीर केलं. सूर असा, की रेडिओ स्टेशनावर उतरून टांग्यात बसलाच आहे.

एका इंग्रजी साप्ताहिकाने स्पर्धा लावली होती. पाच अक्षरांचे इंग्रजी शब्द शोधायचे. त्यांत ए, टी, ई ही अक्षरं याच क्रमाने आणि सलग यायला हवीत. सर्वांत जास्त शब्द पाठवील त्याला रेडिओ.

"लोक डोकं खाजवत बसतील," नागप्पा म्हणाला. "मी हिशेबानं जातोय. ही तीन अक्षरं तीनच ठिकाणी बसू शकतात. उरलेल्या दोन जागी सव्वीस गुणिले सव्वीस. एकूण दोन हजार अठ्ठावीस शक्यता. एकेक तपासली की झालं."

त्याच्या वडिलांनी, ईश्वरप्पांनी, भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. "बी.एस्सी. होऊन वर्ष झालं तुला. पुढच्या शनिवारपर्यंत पाकीट गेलं तर ठीक. न्हाई गेलं, तर सोमवारी गुमान आपल्या आडतीवर येऊन बसायचं."

आडतीचं नाव काढलं की नागप्पाला तुरीच्या धुळीने आधीच शिंका यायच्या. तो कामाला लागला. आठ दिवसांत एकेचाळीस शब्द जमले. सगळे एकदम डोळ्यांसमोर असावेत म्हणून त्याने ते एका मोठ्या कागदावर अनुक्रमांक घालून लिहिले. आतल्या भिंतींना आईने नुकताच चुना दिला होता, म्हणून कागद बाहेरच्या भिंतीवर खळीने चिकटवला. चूक झाली ती इथे.

कारण लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. पाऊस दोन वर्षं रुसलेला, आणि गल्लीत टँकर यायचा तो दिवसाआड. नव्या जिल्ह्यात भिंतीवर कागद लागला की ती यादी, आणि यादी लागली की तिच्यात आपलं नाव हवंच, हे लोकांना दोनाच्या पाढ्यासारखं पक्कं ठाऊक झालं होतं.

शनिवारी सकाळी नागप्पा तीन शंकेचे शब्द पडताळायला कॉलेजच्या लायब्ररीकडे निघाला. कागदासमोर चांदपाशा पेंटर उभा होता. हातात डबा, कानावर ब्रश. सध्या त्याला श्वास घ्यायला सवड नव्हती. गावातल्या प्रत्येक पाटीवरचं 'जिल्हा उस्मानाबाद' खोडून 'जिल्हा लातूर' करायचं काम त्याच्याकडेच होतं.

"यादी पक्की झाली का, नागप्पाभाई?"

"जवळजवळ. आज पाठवायची हाय."

"कलेक्टर हापिसात?"

"छे, मुंबईला," म्हणत नागप्पा सायकलवर बसला.

चांदपाशाने गल्ली गोळा केली. "टँकरची यादी हाय. डायरेक मुंबईला चाललीय."

"पण ह्यात माझं नाव कुठंय?" गौरम्मा म्हणाली.

"मावशी, नवीन हापिसं मी रोज आतून बघतो. तिथं नाव चालत न्हाई, कोड चालतो. एक घर, एक कोड. पटकन बोला, एकेचाळीसच हायत."

दुपारपर्यंत एकेचाळीस घागरींवर तांबड्या ऑइलपेंटने एकेक इंग्रजी शब्द चढला. टँकर आला तेव्हा घागरी अनुक्रमांकाने, परेडला उभ्या असाव्यात तशा उभ्या होत्या. यादी ए पासून लावलेली, त्यामुळे जिच्यावर 'वॉटर' लिहिलं होतं त्या गौरम्माच्या घागरीला पाणी सगळ्यांत शेवटी मिळालं. पण भांडण नाही, शिवी नाही, कुणाचा झिंज्यांना हात नाही. ड्रायव्हर व्यंकट तर घाबरलाच. असलं काही त्याने अख्ख्या तालुक्यात पाहिलं नव्हतं.

"साहेबाला दाखवतो," म्हणून त्याने यादी अलगद सोडवली, गुंडाळली आणि टँकर घेऊन गेला.

नागप्पा चार वाजता परतला. भिंतीवर फक्त खळीचा चौकोन होता. काय झालं ते कळेपर्यंत सव्वाचार झाले. पोस्टाची खिडकी पाचला बंद. आठवून आठवून त्याला सतरा शब्द आठवले. बाकीचे घरोघर पाणी भरून बसले होते.

वही घेऊन तो पहिल्या दारात शिरला. "मावशी, घागर दाखवा जरा."

"कशाला?"

"नुसता शब्द लिहून घेतो."

नुसतं लिहून घेणाऱ्या माणसामागून काय येतं, हे गल्लीला माहीत होतं. तपासणी आली ही बातमी त्याच्या पुढे धावली. एकीने घागर ज्वारीच्या कणगीत उतरवली. दुसरीने आपल्या घागरीला लुगडं नेसवलं. गौरम्मा तर घागरीवर पाट ठेवून वर बसली.

"उठा की, गौरम्मा."

"शेवटचा का होईना, नंबर हाय माझा. कापायला आलास व्हय?"

"कापत न्हाई हो, स्पर्धा हाय."

"पाण्याची स्पर्धा रोजच हाय, बाळा. तू नवीन काय सांगायलास?"

अठ्ठाविसाव्या शब्दावर पाचाला पाच कमी झाले, तेव्हा त्याने सायकल पोस्टाकडे दामटली. पोस्टाची खिडकी नागप्पाच्या नाकासमोर बंद झाली.

सोमवारी तो आडतीवर बसला. पहिली शिंक यायच्या आत दारात गौरम्मा उभी राहिली, काखेत घागर. "माझा शब्द बदलून दे. जरा वरचा दे." तिच्यामागे अजून तीस घागरी. सगळ्यांत मागे डबा घेऊन चांदपाशा. तुरीची पोती घेऊन आलेल्या गाड्यांना आत शिरायला वाट मिळेना. त्या एकेक करून समोरच्या आडतीकडे वळल्या. ईश्वरप्पांनी चौथी गाडी वळताना पाहिली आणि पगडी काढून मांडीवर ठेवली.

"नागप्पा, ऊठ. घरी जा. ह्या पायरीवर पुन्हा दिसू नको."

सुटका एवढी सोपी असेल असं नागप्पाला वाटलं नव्हतं. तो चपला घालेपर्यंत बापाने पुन्हा हाक मारली.

"आपल्या घागरीवर कोणता शब्द हाय रे?"

नागप्पाने मनात एकेचाळीस घरं मोजली. त्यांत आपलं नव्हतं.

"तरीच. तुझी आई परवापासून तांब्या घेऊन शेजारी हिंडतीय." ईश्वरप्पांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बस आता त्याच कामाला. पण आधी आपल्याला एक काढ. ए पासूनचाच बघ."