चाकं खालून लावतात

शनिवारी सकाळी साहेब दुकानातून चार चाकं घेऊन घरी आले, मागच्या खोलीत गेले, स्वतः बनवलेल्या गाडीपुढं उभे राहिले, आणि तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं की चाकं खालून लावायची असतात.

तसं हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण गाडीत या घटकेला ऐंशी किलोचं वेल्डिंगचं मशीन बसलं होतं, ते बाहेर यायला तयार नव्हतं, आणि गाडी होती बरोब्बर मागच्या अंगणाच्या दारात. दाराच्या अलीकडं धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन बायको उभी होती. दोऱ्या पलीकडं अंगणात होत्या.

"सरकवता का जरा?" ती म्हणाली.

"चाकं लागली की सरकेल."

"मग लावा की. आणलीत ना?"

साहेबांनी चाकांकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला. पेच पडला की ते चष्मा पुसत.

हे साहेब कारखान्यात एकतीस वर्षं तपासणी खात्यात होते. दुसऱ्यांनी केलेलं काम बघायचं, मोजायचं आणि जमेल तेवढं परत पाठवायचं, हा त्यांचा धंदा. अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडं झालेला त्यांना खपत नसे, म्हणून पाठीमागं सगळे त्यांना 'मिलिमीटर' म्हणत. त्यांनाही ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. फक्त निवृत्तीच्या दिवशी हार गळ्यात घालून घरी येताना त्यांना एकाएकी वाटलं, की एवढ्या वर्षांत आपण इतक्या वस्तू नापास केल्या, पण या दोन हातांनी केली अशी एक वस्तू जगात नाही. साधं स्टूलसुद्धा नाही. हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना. शेवटी बंद पडलेल्या एका वर्कशॉपमधलं जुनं मशीन त्यांनी घरी आणलं आणि मागच्या खोलीत सात महिने ठिणग्या उडवल्या.

मशीन वापरायचं तर कोपऱ्यातून दाराशी, उजेडात ओढावं लागे. एका बाजूनं साहेब, दुसऱ्या बाजूनं बायको. महिन्यापूर्वी तिची कंबर धरली. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून बजावलं, आणि तिनं साहेबांना बजावलं, "एक तर या धोंड्याला चाकं लावा, नाही तर भंगारवाल्याला बोलवा. मी आता हात लावणार नाही."

त्यामुळं गाडी. साहेबांच्या हातची पहिली वस्तू. ती जमली तर खोली राहणार, मशीन राहणार. नाही तर पुढची सगळी वर्षं वर्तमानपत्रातल्या छपाईच्या चुका शोधत बसायचं.

नकाशा त्यांनी बारा पानांचा केला. चाकं मात्र पहिल्यांदा आणली ती मोजताना त्यातलं एक चाक दोन मिलिमीटरनं बारीक निघालं. दुकानदार म्हणाला, "साहेब, मशीन ठेवायचंय ना? विमान थोडंच उतरवायचंय." साहेबांनी चारही परत केली. बदली मिळायला आठवडा लागणार होता. तेवढ्यात सांगाडा उरकून घ्यावा म्हणून ते कामाला लागले. शेवटचा, समोरचा आडवा दांडा अगदी मापात बसावा म्हणून त्यांनी बायकोच्या धाकट्या भावाच्या मदतीनं मशीनच आत सरकवलं आणि त्याला लावून दांडा जोडला. चार जोड, चारही सरळ. सात महिन्यांत असे जोड आले नव्हते. साहेब त्या दिवशी जेवताना दोनदा आपणहून हसले.

लोखंड तापून गार झालं की आखडतं. साहेबांनी हे वाक्य कारखान्यात शेऱ्याच्या रकान्यात शेकडो वेळा लिहिलं होतं. सांगाडा गार झाला, आखडला आणि त्यानं मशीनला जी मिठी मारली ती मारली.

"मग तो दांडा कापून टाका," बायको म्हणाली.

"तो नाही कापायचा."

"का?"

"तेवढाच नीट आलाय."

तिनं त्यांच्याकडं पाहिलं. बादली खाली ठेवली.

"मग आख्खी गाडीच उलटी करा."

"आत तेल आहे. मशीन तेलात बुडलेलं असतं. आडवं केलं की सगळं तेल तुझ्या फरशीवर."

"मग राहिलं काय?"

राहिलं होतं ते एकच. साहेबांनी मोटारीतला जॅक काढून आणला, एकेका कोपऱ्याला गाडी उचलली आणि खाली लाकडी ठोकळे सरकवले. तासाभरात गाडी गुडघ्याएवढ्या उंचीवर गेली. मग ते हातमोजे घालून, तोंडावर काच धरून उताणे झाले आणि गाडीखाली शिरले. मशीन वर, त्याच्याच वायरी खाली, आणि त्यानं आपल्याच पायात आपणच चाकं घालायची, असा तो प्रकार होता.

बायको आधी सहज बघत होती. मग तिनं बादलीतला एक ओला टॉवेल पिळून हातात तयार ठेवला.

उताणं पडून डोक्यावर वेल्डिंग करणं म्हणजे काय, हे साहेबांना कागदावर पक्कं माहीत होतं. प्रत्यक्षात रॉड टेकवला तो चिकटला. ओढून काढला, पुन्हा टेकवला. या वेळी पेटला, आणि वितळलेलं लोखंड जोडात राहायचं सोडून सरळ खाली आलं. एक थेंब बाहीवर, एक पोटावर. साहेब ज्या चपळाईनं बाहेर आले ती बायकोनं लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिली. तिनं टॉवेल मारला.

"भाजलं का?"

"शर्टच गेला. शर्टालाच."

"शर्टाला फोड येत नाहीत. दाखवा इकडं."

फोड लहानच होता. पण साहेब जमिनीवर तसेच बसून राहिले. त्यांना एक जुना कागद आठवत होता. कारखान्यात एका टाकीच्या बुडाचा जोड त्यांनी तीन वेळा परत पाठवला होता. वेल्डरनं तो चार दिवस टाकीखाली उताणं पडून केला होता. आणि साहेबांनी पंख्याखाली, खुर्चीवर बसून शेरा मारला होता, 'निष्काळजी काम'. त्यांना फार लाज वाटली. इतकी, की चष्मा पुसायचंही सुचलं नाही.

तो वेल्डर आता गल्लीच्या टोकालाच गेट-खिडक्यांचं दुकान चालवत होता. सात महिने साहेब त्याच्या दुकानासमोरून जाताना रस्त्याची दुसरी बाजू धरत.

"त्या गेटवाल्यांना बोलवा," बायको म्हणाली. "मी जाऊ?"

"नको. मीच जातो."

गेले खरे, पण दुकानात शिरल्यावर तोंडून निघालं भलतंच. "एक ओळखीचे आहेत," ते म्हणाले. "त्यांनी मशीनसाठी गाडी बनवलीय. चाकं राहिलीत."

वेल्डरनं हातातला हातोडा खाली ठेवला. "मग लावायची."

"मशीन आत आहे. निघत नाही."

"का निघत नाही?"

"समोर दांडा जोडलाय."

"मशीन आत ठेवून?"

"हो."

वेल्डरनं साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ओळखीचे बरेच शिकलेले दिसतात," तो म्हणाला. मग त्यानं साहेबांच्या पोटाकडं बोट केलं. "आणि त्यांचा शर्ट तुम्ही घातलाय होय?"

साहेबांनी भोकाकडं पाहिलं. "मीच आहे तो," ते म्हणाले. "येता का?"

वेल्डर आला. गाडीभोवती एक फेरी मारली. साहेबांना परीक्षेच्या निकालाला उभं राहिल्यासारखं झालं. समोरच्या दांड्याशी तो वाकला, जोडांवरून अंगठा फिरवला.

"हा कापला तर पाच मिनिटांचं काम आहे."

"हो," साहेब म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "कापा."

"कशाला? चांगले आलेत जोड. राहू द्यात." आणि तो खाली शिरला.

साहेबांनी शेजारी बसून बॅटरी धरली, आणि पाऊण तासात तीन चाकं लागली. एक थेंब खाली पडला नाही. मग तो बाहेर आला आणि रॉडचा होल्डर साहेबांच्या हातात दिला. "चौथं तुम्ही लावा. रॉड जवळ धरायचा, चिकटेल वाटलं तरी. कोपर जमिनीला टेकवा. आणि श्वास घ्या अधूनमधून, नाही तर आम्हाला खाली येऊन बघावं लागेल."

साहेबांनी लावलं. तीनदा रॉड चिकटला, चौथ्यांदा जोड धरला. बाहेर आले तेव्हा चेहरा काळा, डोळ्यांत पाणी. वेल्डरनं आत जाऊन हातोडीनं टोले मारून पाहिले. चाक हललं नाही. ठोकळे काढले, जॅक उतरवला, आणि बायकोनं एका हातानं, कंबर न वाकवता, गाडी ढकलली. गाडी गुपचूप बाजूला झाली. दार मोकळं झालं.

"सरकली," ती म्हणाली, आणि साहेबांकडं पाहून हसली. मग ती बादली घेऊन बाहेर गेली.

आता सगळं गोड व्हायला हरकत नव्हती. पण वेल्डर जाईना. तो हात पुसत उभाच राहिला.

"साहेब, बघणार नाही का?"

"बघायचं काय त्यात. उत्तम झालंय."

"न बघता?"

"बघितलं मघाशी, बॅटरी धरली होती तेव्हा."

"तिसऱ्या चाकाला एक छिद्र राहिलंय. दिसलं नाही?"

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. दिसलं होतं. पहिल्या नजरेत दिसलं होतं. पण आजच्या दिवशी या माणसाला ते सांगायचं म्हणजे फारच झालं असतं.

वेल्डरचा चेहरा उतरला. "दिसलं, आणि बोलला नाहीत. म्हणजे माझं काम आता नापास करण्याजोगंही राहिलं नाही. म्हातारा झाला, चालवून घ्या, असंच ना?"

एकतीस वर्षांत इतकं काम परत पाठवून या माणसाला लागलं नव्हतं ते आज गप्प राहून लागलं, हे साहेबांच्या ध्यानात आलं. त्यांनी जॅक लावून गाडी पुन्हा ठोकळ्यांवर चढवली, खिशातून भिंग काढलं, जमिनीवर बसले आणि गाडीखाली मान घातली.

"रिजेक्ट," ते म्हणाले.

"कुठं?" वेल्डरचा आवाज एकदम तरुण झाला.

"डाव्या अंगाला. दीड मिलिमीटर."

"एक."

"दीड."

"एकसुद्धा नसेल, साहेब. सरका जरा." तोही शेजारी उताणा झाला. बायको अंगणातून आत आली तेव्हा गाडीखालून चार पाय बाहेर आले होते आणि आत कडाक्याचं भांडण चाललं होतं. तिनं चहाचं आधण ठेवलं.

एक की दीड हे सुटलं नाही. छिद्र मात्र बुजलं. मग साहेबांनी भिंग चौथ्या चाकाकडं वळवलं आणि आपलं काम पाहिलं. जोड कसला, गोळ्यांचा ढीग होता. खोटं त्यांना येत नसे.

"हेही रिजेक्ट," ते हळूच म्हणाले. "सबंध."

वेल्डरनं भिंग त्यांच्या हातातून घेतलं, चौथा जोड सावकाश पाहिला, आणि भिंग मिटून परत दिलं.

"पास."

"अहो, कसं पास? डोळे आहेत का तुम्हाला?"

"पहिल्या दिवशी माझाही अस्साच आला होता," वेल्डर म्हणाला. "तेव्हा खात्यात तुमच्या आधीचे साहेब होते. त्यांनी पास केला, म्हणून तर मी तुमच्यापर्यंत पोचलो."