चार नंबरच्या खोलीचा दुखवटा

सहामाही परीक्षेत चार नंबरच्या खोलीचे दोघेही नापास झाले, तेव्हा चिंचवडच्या त्या वसतिगृहात कुणाला नवल वाटलं नाही. मालोजी परभणीकडचा, तो दोन दिवस जेवला नाही आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही दिवसांचं जेवला. कुरुळीचा ज्योतीराम मात्र खचला. "औंदा नापास झालास तर सरळ औताला जुंपीन," असं त्याच्या वडिलांनी, बबनरावांनी, आधीच सांगून ठेवलं होतं.

त्यात रेक्टर यशवंतरावांनी फळ्यावर सूचना लावली. स्नेहसंमेलनात प्रत्येक खोलीने स्वतःच्या डोक्याने काढलेल्या खेळाचा एक स्टॉल मांडावा. पहिल्या येणाऱ्या खोलीच्या मुलांसाठी रेक्टर स्वतः घरी पत्र लिहितील. ज्योतीरामला अंधारात वाट दिसली. रेक्टरांचं पत्र आलं तर वडील कदाचित विरघळले असते.

बराच विचार करून त्याने खेळ काढला: 'एका बुक्कीत कांदा'. एका बुक्कीत जो कांदा फोडेल, तो जिंकला. दिवाळीच्या सुट्टीहून परतताना घराच्या कोपऱ्यात वेगळं ठेवलेलं एक पोतं त्याने न विचारता गाडीत टाकलं. कांदे एकसारखे, टणक, बघत राहावेत असे होते. ते वडिलांनी बियाण्यासाठी निवडून ठेवले होते, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

चिठ्ठ्या टाकून जागा वाटल्या, तेव्हा अंगण इतरांना गेलं आणि चार नंबरच्या वाट्याला धान्याची कोठी आली. एकच दार, आणि खिडकीला खिळे ठोकलेले.

खेळ मात्र धडाक्यात चालला. बुक्की मारायला कोणाला आवडत नाही? तासाभरात दोन-अडीचशे कांद्यांचा चेंदामेंदा झाला आणि कोठीत श्वास घेणं मुश्कील झालं. पोरं रडत बाहेर यायची आणि डोळे पुसून पुन्हा रांगेत उभी राहायची. रेक्टरही पाहायला आत गेले, भरीला पडून एक बुक्की मारली, आणि ढसाढसा रडत उंबऱ्यावर आले.

नेमके त्याच वेळी पाहुणे आले. पुण्याचे निवृत्त मामलेदार. माणूस हळवा आणि कानाने जरा कमी. समोर शंभर मुलं आणि खुद्द रेक्टर रडताहेत हे पाहून त्यांनी टोपी काढली.

"अरेरे! कोण होता?" त्यांनी रेक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला.

खेळ कुणाचा असं ते विचारताहेत, असं रेक्टरांना वाटलं. "चार नंबरचा, साहेब," ते हुंदका आवरत म्हणाले. "कुरुळीचा. हुशार नाही, पण कष्टाळू."

पाहुण्यांचेही डोळे भरून आले. त्यांनी सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं केलं. मग कोवळ्या वयातल्या मरणावर ते इतकं सुंदर बोलले, की ज्यांनी कांद्याला हातही लावला नव्हता तेही रडू लागले. रेक्टरांना सगळा घोटाळा उमगला तो अर्ध्या भाषणात. तोवर सांगायची सोय उरली नव्हती. स्पर्धा रद्द करून पाहुणे मोटारीत बसले.

मोटार गेली आणि पोत्याचा माग काढत बबनराव फाटकात हजर झाले.

"कोन गेलं रं?" सगळी पोरं रडताना पाहून त्यांनी मालोजीला विचारलं.

"कोण की बाबा! चार नंबरचा म्हणायलेत."

"ज्योत्या!" म्हणून बबनरावांनी हंबरडा फोडला आणि ते कोठीकडे धावले. पोरगा दारातच मान खाली घालून उभा होता. त्यांनी त्याला कवटाळलं, पाठीवरून हात फिरवला. मग नजर आत गेली.

"जिता हायेस व्हय! आन् माजं बियाणं मारलंस?"

त्याच संध्याकाळी ज्योतीरामची वळकटी कुरुळीला गेली.

आठवड्याने पाहुण्यांचं पत्र आलं. त्या मुलाच्या स्मरणार्थ ते एक ढाल देणार होते; त्याचं नाव हवं होतं. यशवंतराव खोटं बोलणारे नव्हते. चार दिवस तळमळून त्यांनी लिहिलं, "ज्योतीराम आता आमच्यात नाही."

इकडे ज्योतीरामने पेरणीची पाभर उलटी धरली, मोट विहिरीत घालवली. "शेतीबी व्हत न्हाई ह्याच्यानं. साळंतच कुजू द्या," असं आई, सुभद्राबाई, म्हणाली आणि तिने जूनमध्ये त्याला परत धाडलं.

त्याला दारात पाहून रेक्टरांचा चेहरा पांढरा पडला. भिंतीवर ढाल लटकत होती: 'कै. ज्योतीराम यांच्या स्मरणार्थ'.

"जागा देतो," ते कुजबुजले, "पण पाहुण्यांसमोर नाव सांगायचं नाही."

त्या वर्षी मडक्यात भोवरा फिरवण्याचा त्याचा खेळ पहिला आला. रेक्टरांनी नुसतं "खोली नंबर चार" असं वाचलं. पाहुण्यांनी ढाल त्याच्या हातात दिली आणि जवळ वाकून विचारलं, "तू त्याला ओळखत होतास का रे?"

"व्हय साहेब. एकाच खोलीत ऱ्हायचो."

"कसा होता?"

ज्योतीरामने ढालीवरच्या अक्षरांकडे पाहिलं. असं त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"चांगला होता, साहेब," तो म्हणाला आणि खरंखुरं रडू बाहीने पुसू लागला.

पाहुण्यांनी खिशातून आपला रुमाल काढून त्याला दिला.