चौथा स्क्रू

केरबातात्या कुणाच्याही घरात शिरले की आधी बोर्डाकडे बघत, माणसांकडे नंतर. खिशाला पेन लावावं तसा टेस्टर लावलेला असे. तो काढून सॉकेटच्या भोकात घालायचा, आतला दिवा लागतो का बघायचं आणि मग मान हलवून म्हणायचं, "हं. आता बोला." माझ्या मेव्हण्याच्या साखरपुड्यात मुलीचे वडील गंधाची वाटी घेऊन उभे, आणि हे गुडघ्यावर बसून त्यांच्या कूलरचा प्लग तपासत होते.

तात्या आमचे शेजारी. कसबा बावड्यात साखर कारखान्यात वायरमन होते, तिथूनच निवृत्त झाले. शिक्षण सातवी. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. विद्युतधारेचा धडा तेव्हा चौदा वर्षं शिकवून झाला होता. तरी आमच्या घरातला दिवा मिचमिचला की बायको माझ्यासमोरून जाऊन कंपाउंडपाशी उभी राहायची आणि हाक मारायची, "तात्याऽऽ!" मी खुर्चीतच बसलेला असायचो. उगाच कशाला लपवू, मी त्या माणसावर जळायचो.

उन्हाळ्यात तात्या रोज सकाळी गल्लीतल्या एकेका घरामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत. "माती वाळली की करंट खाली उतरत न्हाय," म्हणायचे. "करंट म्हंजे पावणं. त्येला जायची वाट दावली न्हाय, तर घरातल्या मानसाच्या अंगावर येतंय." माझी मुलगी मेघा हे तोंड उघडं टाकून ऐकायची. तोच धडा मी शिकवायला घेतला की तिला जांभया यायच्या.

एकदा त्यांनी तीन पिनांचा प्लग तिच्यापुढं धरला. "ही वरली पिन लांब का, सांग बगू." मेघानं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं. "ही अर्थिंगची, बाळ. आधी आत जाती, आन सगळ्यांच्या शेवटाला भाईर येती." चौदा वर्षांत माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्गात मी ते स्वतःचं म्हणून सांगितलं.

व्होल्टेजचंही तेच. त्या काळी संध्याकाळ झाली की दिवे पिवळे पडायचे. तात्या बल्बकडं बघून सांगायचे, "एकशे ऐंशी असंल. पाण्याची मोटर लावू नगा, वैनी." मी गुपचूप मल्टिमीटर विकत आणला. एकशे ब्याऐंशी! मीटर हलवून बघितला, सेल बदलला, पुन्हा एकशे ब्याऐंशी. "दोन व्होल्टनं चुकले," असं मी बायकोला मुद्दाम सांगितलं. ती भाकरी थापत राहिली.

मग आमच्याकडं फ्रीज आला. ठरवलं, हा मीच जोडणार. फ्रीजचा प्लग जाड, आमचं सॉकेट बारीक. प्लग कापून टाकला, दोन वायरी सोलून सॉकेटात घातल्या आणि निसटू नयेत म्हणून आगपेटीच्या काड्या ठोकल्या. तिसरी हिरवी वायर उरली, ती गुंडाळून मागं सारली. फ्रीज सुरू झाला. मी मेघाला आग्रहानं गार पाणी पाजलं.

तिसऱ्या दिवशी बायकोनं ओल्या हातानं फ्रीजचं दार धरलं आणि तिला झिणझिणी बसली. मी दोन हातांवर होतो. ती ओरडली, "तात्या!"

तात्या चप्पल न घालताच आले. मेन स्विच बंद केला आणि एकेक काडी उपसून माझ्या तळहातावर ठेवली. "सर, काडी देवाम्होरं वडायची. बोर्डात न्हाय." मेघा फिदीफिदी हसली, बायकोही हसली. तात्या हसत नव्हते. पण ते मला नंतर आठवलं. तेव्हा मी एवढंच म्हणालो, "तात्या, तुम्हाला स्वतःचं घर नाही काय हो? ऊठसूट आमच्यात?"

ते घरी जाऊन सामान घेऊन आले. जाड सॉकेटचा नवा बोर्ड बसवला, हिरवी वायर अर्थिंगला जोडली, झाकणाचे चारी स्क्रू पिळून घट्ट केले आणि गेले. नंतर आलेच नाहीत.

मी जिंकलो होतो. पण बायको चहाचा कप माझ्यापुढं आदळू लागली, मेघा अभ्यासातलं काही विचारेना. माणूस येत नव्हता तरी माझ्याच घरात त्याचंच वजन जास्त, याचा मला भारी राग येत होता.

अशात एकदा कांबळ्यांकडं चहाला गेलतो. त्यांच्या बोर्डाच्या झाकणाला तीनच स्क्रू. "तात्या उद्या बसवणार हायत," कांबळेबाई म्हणाल्या. हा उद्या सहा महिने चालला होता. पाटलांच्यात बघितलं, पिठाच्या चक्कीत बघितलं, सगळीकडं चौथा गायब! म्हटलं, सापडला गडी. तडक तात्यांच्या दारात गेलो.

इतक्या वर्षांत त्या घरात पहिल्यांदाच पाय ठेवत होतो. एक कॉट, एक खुर्ची, मोरीपाशी पालथा घातलेला एकच कप. बायको कधीच गेलेली, मुलगा कागलच्या एमआयडीसीत कामाला, राहायलाही तिकडंच.

"तात्या, कांबळ्यांचा स्क्रू कुठाय?"

त्यांनी चोरी पकडल्यासारखी मान खाली घातली. मग बिस्किटाचा डबा काढला. आत कॅलेंडरच्या कागदाच्या पुड्या, प्रत्येकीवर पेन्सिलीनं नाव, आत एकेक स्क्रू.

"झाकनाचा हाय, सर. तीनावर बी झाकन पक्कं बसतंय, धोका काय न्हाय. तेवढ्या निमतानं परत जाता येतंय. काम पुरं झाल्यावर कोन बोलवतंय?"

मी पुड्या उलथ्यापालथ्या केल्या. कांबळे, पाटील, चक्की, अख्खी गल्ली होती. आमचीच नव्हती. खरं सांगतो, त्या पुड्यांवर मी जेवढा जळलो, तेवढा तात्यांवरही कधी जळलो नव्हतो.

"आमचा कुठाय?"

"तुमचं चारी बसवलं की." तात्या डब्याचं झाकण लावत म्हणाले. "तुमास्नी माझं येनं आवडत न्हाय. ठिवून काय करू?"

मी घरी आलो, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि नव्या बोर्डाचा खालचा उजवा स्क्रू काढला. बायको बघत राहिली. तसाच परत गेलो आणि स्क्रू तात्यांच्या हातावर ठेवला. "हा आमचा. उद्या येऊन बसवा."

तात्यांनी स्क्रूकडं बघितलं, मग माझ्याकडं. "मेन बंद करून काढलासा न्हवं?"

"व्हय."

त्यांनी कॅलेंडरचा कपटा फाडला आणि सावकाश पुडी बांधली.

दुसऱ्या दिवशी चारला आले. आधी बोर्ड बघितला, मग आम्हाला. बायकोनं त्यांना आलं घातलेला चहा दिला, मला बिनआल्याचा. मेघानं वही आणून त्यांच्यापुढंच उघडली, माझ्यापुढं नाही. मी माझा चहा संपवला. तासाभरानं तात्या उठले, चप्पल पायात घातली आणि दारात खिसे चाचपून म्हणाले, "स्क्रू इसरलोच की, सर. उद्या आनतो."