पाणचाकाचं माप

लिओ अंकलना माणसाआधी त्याचं माप दिसतं. मी त्यांच्या बेसमेंटमध्ये राहायला आले, तेव्हा हाय-हॅलो काही नाही. "सूटकेस अठ्ठावीस इंची, जिना सत्तावीस. तिरकी घे!"

अंकल मूळचे वसईचे. इथे कॅनडात, प्रिन्स जॉर्जच्या कागद गिरणीत तीस वर्षं फिटर होते. इंचाच्या आठव्या भागाला ते सूत म्हणतात आणि सुताचीही चूक त्यांना खपत नाही. माझी पोळी गोल नाही, हे त्यांनी पट्टी लावून सिद्ध केलंय. घरमालकाला काय बोलणार!

नाद एकच, जुन्या यंत्रांचे फोटो. पण यंत्राशेजारी माणूस उभा हवाच. "मापाशिवाय फोटो म्हणजे थाप." मग फोटोला पट्टी लावायची आणि माणसाच्या उंचीवरून यंत्राची उंची काढायची. चाळीस वर्षं तो माणूस म्हणजे त्यांची बायको, रोझी आंटी. प्रत्येक फोटोत पर्स सांभाळत, वैतागून उभ्या. मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या आणि कॅमेरा कपाटात गेला.

म्हणून ऑगस्टमध्ये अंकल आपणहून म्हणाले, "सोन्याच्या खाणीवरचं जुनं पाणचाक बघायला जाऊ. रोझीबरोबर जायचं राहूनच गेलं," तेव्हा मी शिफ्ट कॅन्सल करून गाडी काढली. माणूस घराबाहेर पडतोय, तेवढंच खूप होतं.

मला चाकाला खेटून उभं केलं. "हलू नको, हसू नको!" लाकडी चाक कुरकुरत फिरत होतं, माझी जीन्स भिजत होती. फोटो निघाला, कॅमेऱ्याच्या स्क्रीनला पट्टी लागली आणि अंकल भडकले.

"साडेचौदा फूट! पाटीवर सोळा कसे? दीड फूट कुठून आणला?"

जुन्या काळचा झगा घातलेली गाइड बिचारी "सॉरी सर, सॉरी सर" करत राहिली. लोक जमले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अंकल, माझी उंची किती धरलीत?"

"चार-दहा. नेहमीची."

"अहो, मी पाच-चार आहे!"

त्यांचा चेहरा असा उतरला की वाटलं, कशाला बोलले मी! गाइडची माफी मागून ते बाकावर जाऊन बसले.

"माप काढताना तिथं रोझीच उभी होती गं," एवढंच म्हणाले. मला रडू आलं.

परवा त्यांनी अल्बम दाखवला. चाक, शेजारी मी आणि खाली त्यांच्या रेखीव अक्षरात: 'उंची साडेचौदा फूट.'

मी तोंड उघडणार, तेवढ्यात म्हणाले, "चुकलंय, ठाऊक हाय मला. राहू दे."