पगारातलं की वरचं?

आमच्या डाळ मिलमधल्या मन्मथअप्पांपुढे तुम्ही चहाचा कप ठेवलात, तर ते आधी कपाकडे बघणार, मग तुमच्याकडे, आणि विचारणार, "हे पगारातलं की वरचं?"

सकाळी मिलकडून स्टाफला मिळायचा तो चहा पगारातला. तो ते बशीत ओतून, शेवटच्या थेंबापर्यंत, हक्कानं प्यायचे. दुपारी कुणी प्रेमानं दुसरा मागवला, तर तो वरचा. "वरचं ते वरच्याचं," असं म्हणून ते एक बोट छपराच्या पत्र्याकडे करायचे आणि कप शेजारच्या टेबलावर, म्हणजे माझ्याकडे, सरकवायचे. त्यांच्या तत्त्वापायी मला पित्ताचा त्रास जडला तो कायमचा.

जगातल्या सगळ्या वस्तूंची अप्पांनी अशी दोन ढिगांत वाटणी करून ठेवली होती. भाजीवालीनं मेथीच्या जुडीवर सवयीनं कोथिंबिरीच्या चार काड्या टाकल्या, तर ते त्या उचलून तिच्या पाटीत परत ठेवायचे. ती बिचारी यांत काय खोट निघाली म्हणून काड्या वळवून वळवून बघत बसायची. लग्नाच्या पंगतीत बुंदी एकदाच. लातूर जिल्हा झाला तेव्हा सगळं गाव खुशीत, अप्पा मात्र गंभीरपणे मला म्हणाले, "काय हो गुत्ते, ह्ये आपल्या हक्काचं मिळालं, का कुणी वरून दिलं?" पुढं दुष्काळ पडला, आड कोरडे झाले, तेव्हा आभाळाकडे बघून म्हणाले, "यंदा वरच्यानंच पगार अडवला बघा."

अप्पा आमचे टाइमकीपर. लिंगायत माणूस, कपाळाला भस्माचे पट्टे, डोक्यावर कडक पांढरी टोपी. भोंगा वाजवायचा, मजुरांचे तास मांडायचे, कोण किती जादा थांबलं ते लिहायचं, हे त्यांचं काम. अख्ख्या मिलचा ओव्हरटाईम त्यांच्या हातून जायचा. पण त्या शब्दाचा उच्चार त्यांनी आपल्या सोयीनं ठरवला होता: वरटाइम. आणि वरटाइम म्हटल्यावर तो कोणत्या ढिगात गेला, हे सांगायला नको.

तसं आम्हाला तो कुणी देऊ करत नव्हतं म्हणा. रोजंदारीच्या मजुरांना मिळायचा, आम्हा महिन्याच्या पगारवाल्यांना नाही. मालक गोड बोलायचे. "तुमी तर स्टाफ. स्टाफ मंजे घरची मान्सं. घरच्याला कसला आलाय ओव्हरटाईम?" तुरीच्या हंगामात आम्ही घरची माणसं अंधार पडेपर्यंत मान मोडून बसायचो, आणि पोती उचलणारे गडी आमच्याकडे कीव आल्यासारखं बघत जायचे.

जिल्ह्याबरोबर गावात नव्या नव्या कचेऱ्या आल्या, त्यात कामगार अधिकारीही आले. आम्ही धीर करून त्यांच्याकडे गेलो: स्टाफलाही ओव्हरटाईम लागू करा. एके दिवशी साहेब स्वतः मिलमध्ये हजर झाले. हुद्दा नका सांगू, काम सांगा, म्हणाले. आम्ही भडाभडा सांगितलं. मग ते अप्पांकडे वळले. भोंग्यानंतर सगळ्यात उशिरा फाटकाबाहेर पडणारा माणूस म्हणजे अप्पा, त्यामुळे आमची सगळी भिस्त त्यांच्यावर.

"तुम्ही भोंग्यानंतर थांबता?"

"हाव, थांबतो की."

"काय काम करता?"

"काम न्हाई."

मालकांचा चेहरा खुलला.

"मग थांबता कशाला?"

"बोअरची मोटार लावतो. मागच्या वस्तीतल्या बाया पाणी भरून जातेत. मालकाची परवानगी हाय."

"मग ते कामच झालं की. त्याचा ओव्हरटाईम तुम्हाला मिळायला हवा."

अप्पा एकदम ताठ झाले. "साहेब, गळ्यात लिंग हाय माझ्या. पाणी देऊन वरटाइम घेऊ?"

साहेब कायद्याचे पक्के. त्यांनी सांगितलं, यापुढे स्टाफलाही जादा वेळेचे पैसे मिळतील. पण भोंग्यानंतर फुकट कुणालाही मिलमध्ये थांबवायचं नाही. मालकांनी तोंड वाकडं करून कबूल केलं. मोटारीचं काम वॉचमनकडे गेलं, तो तसाही ड्युटीवर असायचा. आम्ही पेढे वाटले. अप्पांनी पेढा हातात घेतला, पण नेहमीचा प्रश्न विचारला नाही. एवढंच म्हणाले, "मंजे उद्यापासून भोंगा झाला, की म्या घरी जायाचं?"

"जा की आरामात!" मी म्हणालो.

घरी त्यांचं कुणी नव्हतं. त्यांच्या मंडळी, आमच्या काकू, आदल्या साली वारल्या होत्या, एक मुलगी उदगीरला दिलेली, दुसरी देगलूरला.

दुसऱ्या दिवसापासून अप्पा भोंगा वाजवून, टोपी सारखी करून, मुकाट्यानं फाटकाबाहेर पडू लागले. मी कधी त्यांच्या गल्लीवरून गेलो, तर दाराला कुलूप. हा माणूस संध्याकाळचा जातो कुठं? देवळात नाही, कुणाच्या ओट्यावर नाही. मला चैन पडेना.

मग एका संध्याकाळी मी ओव्हरटाईमला बसलो असताना पाय मोकळे करायला मागच्या खिडकीशी गेलो. खाली बोअरजवळ बायकांची रांग होती, आणि लुगड्यांच्या त्या रांगेच्या टोकाला एक पांढरी टोपी. पुढच्या फाटकातून कामगार म्हणून बाहेर पडलेले अप्पा वळसा घालून मागच्या फाटकानं गिऱ्हाईक होऊन आले होते. हातात काकूंची तांब्याची घागर.

दिवसभर चार शब्द मोजून बोलणारा हा माणूस तिथं नुसता बोलत सुटला होता. कुणाच्या सासूचं दुखणं, कुणाच्या शेळीचं बाळंतपण, सगळं त्यांना ठाऊक. एकीनं किटलीतला चहा दिला. त्यांनी घेतला. दुसरा दिला, तोही घेतला. काही विचारलं नाही.

"अप्पा, तुमचा लंबर आला!" कुणीतरी ओरडलं.

"तू घे गं. तुझं लेकरू रडायलंय." आणि अप्पा रिकामी घागर उचलून परत रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानं पुन्हा नंबर आला. पुन्हा कुणाला तरी घाई होती, आणि पुन्हा अप्पा शेवटी.

मी खाली उतरलो. "अप्पा, घागर अजून रिकामीच?"

ते ओशाळले. टोपी काढून पुन्हा घातली. "राहू द्या हो," हळूच म्हणाले, "भरली, की घरी जावं लागतंय."

वर माझ्या टेबलावर दिवा जळत होता, ओव्हरटाईम चालू होता. मी अप्पांच्या मागं जाऊन उभा राहिलो.

त्यांनी वळून पाहिलं. "गुत्ते, तुमच्या हातात तर भांडंबी न्हाई."

"नंबर तर येऊ द्या," मी म्हणालो.