सडक अर्जुनीचा जुना बर्फ

एप्रिलच्या नऊ तारखेला, तापमान त्रेचाळीस अंश असताना, सडक अर्जुनी येथे हिमाच्छादन आढळल्याचं पत्र गोंदियाच्या पर्यावरण कार्यालयात आलं. बर्फातले काळे कण किती ऊन शोषतात, याची उपग्रहावरून मोजणी चालू होती. पत्रानुसार इथल्या बर्फातल्या काळ्या कणांचं प्रमाण चिंताजनक होतं.

भौतिकशास्त्र शिकलेल्या नीतूला पडताळणीसाठी पाठवण्यात आलं. बंद राइस मिलच्या पटांगणात, एकरभर पसाऱ्यात, कलाबाईच्या बचत गटाचे तांदळाचे पापड वाळत होते. काळे तीळ घातलेले.

"काकू, वरून हा बर्फ दिसतोय."

"दिसन ना! वरच्याईले तं आमीबी दिसत नाई," कलाबाई म्हणाली. "तीळ टाकले का पापड लवकर वाळते. काळं ऊन पिते. येवढ्यासाठी यंत्र कायले पाठवलं वर?"

नीतूला हे निरीक्षण पत्रापेक्षा नेमकं वाटलं. तिनं अहवालात लिहिलं, 'बर्फ नाही, पापड आहेत.' पण संगणकात 'पापड' हा पर्याय नव्हता. 'ताजा बर्फ', 'जुना बर्फ' आणि 'घसरता बर्फ' एवढेच होते.

"मॅडम, उपग्रह सहाशे किलोमीटरवरून पाहतो, तुम्ही दोन फुटांवरून," कार्यालयातल्या लीलाधर साहेबांनी समजावलं. "व्यापक दृष्टी किसकी?" आणि त्यांनी स्वतःच 'जुना बर्फ' निवडला.

जुना बर्फ म्हणजे हिमनदी, आणि हिमनदी म्हणजे संरक्षित क्षेत्र. पापड उचलायला मनाई झाली. वितळू नयेत म्हणून दर तासाला गार पाण्याचा फवारा सुरू झाला. चार दिवसांत अर्ध्या पापडांवर काळी बुरशी आली. काळे कण तिपटीनं वाढल्याचं उपग्रहानं कळवलं आणि अचूक पडताळणीबद्दल कार्यालयाला गौरवाची ढाल मिळाली.

"अर्धे तं गेले, पोरी. उरलेले सोडव," कलाबाई म्हणाली. "अकरा बायांची महिनाभराची मेहनत हाये."

नियम सोपा होता. पाच त्रयस्थ नागरिकांनी जागेवर येऊन 'हा बर्फ नाही' अशी सही केली की संरक्षण उठणार होतं. नीतू अर्ज घेऊन फाटकाशी बसली. नागरिक हजारोंनी आले. गोंदियाहून, गाड्या करून, स्वेटर घालून. दात वाजवत त्यांनी फोटो काढले. गुड्डू नावाच्या एका गृहस्थानं तर तुकडा तोडून चाखला.

"वा! थोडा नमकीन बर्फ है."

"मग सही करा ना, भाऊ."

"मैं अकेला क्यों करूँ, मॅडम? सब काँप रहे हैं ना!"

सह्या चारच झाल्या. त्या हायवेवरच्या ट्रकवाल्यांनी केल्या. त्यांना घाई होती, म्हणून दिसलं तेच लिहून गेले.

पाचवी ओळ अजून रिकामी आहे. तुम्ही तर सगळं वाचलंय. ते पापडच आहेत, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. नीतूनं पेन तुमच्यापुढे धरलंय.

खिसे काय चाचपताय? हातमोजे शोधताय ना? ते तुम्ही केव्हाच घातलेत.